लोहचुंबकाचा आठवडा

थोरल्या लेकाचा जन्म झाला त्या वर्षी आजोबांनी आजीला सोन्याची अंगठी दिली. म्हणजे कारखान्यातल्या लेथवर लोखंडाचा तुकडा स्वतः कातला, त्यावर सोन्याचा मुलामा चढवला आणि "अस्सल आहे" असं ठोकून दिलं. वर, घरी येईल त्याला ती दाखवून मिशाही पिळल्या. ती थाप चव्वेचाळीस वर्षं सुखाने नांदली.

या आठवड्यात मात्र दुसरीतल्या नातीच्या वर्गात लोहचुंबक शिकवायला घेतलं आणि बाईंनी प्रत्येकाला एकेक चुंबक देऊन घरी पाठवलं. नात घरभर भिरभिरू लागली. कुलूप चिकटलं, कात्री चिकटली, आजोबांच्या पट्ट्याचं बक्कल चिकटलं तेव्हा तर ती हसून हसून लोळली.

"आता आजीची अंगठी!"

आजोबांना घाम फुटला. "अगं, सोनं कुठे चिकटतं? जा, खिडकीचे गज बघ."

"बाई म्हणाल्यात, करून बघितल्याशिवाय बोलायचं नाही."

आजीने खुशाल हात पुढे केला. आजोबांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"नाही चिकटत!" नात ओरडली आणि गजांकडे पळाली.

आजोबांनी एक डोळा उघडला. "अगं, पण... हे कसं काय?"



"तुमची ती पहिल्याच वर्षी गंजली," आजी त्यांच्या कानाशी कुजबुजली, "पण तुम्ही चारचौघांत एवढ्या मिशा पिळत होता, म्हणून शिवणकाम करून त्याच मापाची ही सोन्याची घडवून घेतली."