अप्पांचं रिव्हॉल्वर

चुलत्यानं पुन्हा बांध कोरला, तेव्हा गुरुशांत वारशात आलेलं वडिलांचं, अप्पांचं रिव्हॉल्वर घेऊन सोलापुरातल्या बंदूकवाल्याकडे गेला.

“हे ठेवून घ्या आन् नवं, छोटं पिस्तूल द्या. आता नुसता धाक पुरायचा न्हाय.”

दुकानदारानं रिव्हॉल्वर उलटसुलट करून पाहिलं. “मालक, ह्याचं चक्रच फिरंना. वर्षानुवर्षांचं हळदीकुंकू आत तेलात थिजून दगड झालंय. अप्पांनी नुसतंच मिरवलं म्हणायचं.”

गुरुशांतनं तिथूनच आईला फोन लावला. “अव्वा, अप्पांचं रिव्हॉल्वर उडतच न्हाय! बदलून नवं घेऊ का?”

“घे की,” शांतम्मा म्हणाल्या. “तूबी अप्पांसारखाच तापट. खंडेनवमीला नव्याचीबी पूजा मात्र दरसालासारखी मीच करणार.”