पाय टेकल्याशिवाय

शाहिस्ता वर आली. बाकीच्या मुलींचा दम जिथं सुटला होता, ती जागा तिनं पाण्याखालून केव्हाच मागं टाकली होती. कोल्हापूरच्या त्या जलतरण तलावावर क्षणभर कुणी हललंसुद्धा नाही.

तिनं काठ धरला. गॉगल काढला. बोट अंगठ्याला जुळवून खूण केली. आता एकच उरलं होतं. पंचाच्या घड्याळातली वेळ संपायच्या आत तोंडानं म्हणायचं, 'आय ॲम ओके.' एका दमाच्या या खेळात माणूस शुद्धीवर असल्याची तेवढीच साक्ष. ती दिली नाही तर कापलेलं सगळं अंतर पाण्यात. आणि देशाच्या संघाची निवड आजच होती.

"बोल," काठावरून तिचे कोच शशिधर सर म्हणाले.

तिनं मान वर केली. समोर पायऱ्यांवर अब्बा उभे होते.

अब्बा, म्हणजे महंमद, शिरोळकडचे पाणबुडे. पुरात, विहिरीत, बंधाऱ्यात कुणी बुडालं की माणसं त्यांना न्यायला येत. दम धरायला लेकीला त्यांनीच शिकवलं, आणि दमासोबत एक रीतही दिली. वर आलं की पाय जमिनीला टेकल्याशिवाय शब्द काढायचा नाही. काठावर कुणाची तरी आई बसलेली असते. ती पाण्याकडं बघत नसते, वर येणाऱ्याच्या तोंडाकडं बघत असते. तोंड उघडलं की तिला आशा लागते.

अब्बा तिच्या तोंडाकडं बघत होते.

शाहिस्ताचे ओठ मिटले.

"बोल की गं!"

तिनं दोन्ही तळवे काठावर रोवले, अंग वर ओढलं, ओला पाय फरशीवर टेकला. मग म्हणाली, खणखणीत म्हणाली. पंचाचं लाल कार्ड तोवर वर गेलं होतं.

सरांनी टोपी काढून फरशीवर आपटली. दिवसभर हिचा रेडिओ चालू असतो, आज नेमका बंद पडला, असं भिंतीला सांगत ते निघून गेले.

अब्बांनी टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला आणि काय झालं ते विचारलं. तिनं सांगितलं.

"एवढंच म्हणायचं हुतं?"

"व्हय."

"पाण्यात असतानाच?"

"व्हय, अब्बा."

दोघं तिथंच बसून राहिले. दुपारी स्पर्धा आटोपली, दोऱ्या गुंडाळल्या, माणसं गेली. तेव्हा अब्बांनी सदरा उतरवला, घडी घातली, वर टोपी ठेवली. राखणदार लांबूनच म्हणाला, पावणं, टँक बंद झालाय.

"एकच बुडी," अब्बा म्हणाले. मग लेकीकडं वळले. "पुढच्या साली तुला जमाया पायजे, तर आधी मला जमाया नको?"

ते पाण्यात उतरले, मधोमध गेले. जिथं पाय टेकत नाहीत तिथं थांबले. ओठांतल्या ओठांत दोनदा घोकलं, आय याम ओके. छाती भरली आणि खाली गेले. पाणी मिटलं.

शाहिस्ता काठावर बसली. राखणदार आधी हातातल्या किल्ल्या वाजवत होता. मग वाजवायचा थांबला. मग काठापर्यंत आला, पाण्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"येतील," ती म्हणाली. पाण्यावरची नजर तिनं काढली नाही.

अब्बांचं डोकं वर आलं. पांढऱ्या दाढीतून पाणी निथळत होतं. त्यांनी लेकीकडं बघितलं. तोंड उघडलं.

मिटलं.

मान हलवून त्यांनी पुन्हा छाती भरली.