अकरावा रविवार

रत्नाकररावांनी पडद्यावरचा फोटो माउसने उचलला, अलगद सरकवत आणला आणि चौकटीच्या दोन बोटं बाहेर सोडला.

"पडला," ते म्हणाले.

शलाकाने वही पुढे ओढली. आधी तासभर शिकवायचं, पण चाचणी सुरू झाली की घेणाऱ्याने बोलायचं नसतं, माउसला हात लावायचा नसतो. माणूस कुठे अडतो तेवढं टिपून घ्यायचं. तिने वहीत लिहिलं, अकरावा रविवार, तिथेच.

खरं तर आज लिहायचं काही कारण उरलं नव्हतं. हात सवयीने चालला, इतकंच.

कोड न लिहिता कुणालाही वेबसाइट बांधता यावी म्हणून तीन वर्षं खपून तिने हे साधन केलं होतं. आतली यंत्रणा प्रोग्रामरांची, पण वरून इतकं सोपं की कोपऱ्यावरच्या वाण्यालाही जमेल, असं ती ऑफिसात छातीठोकपणे सांगायची. तिचा साहेब अपूर्व हुशार होता आणि हुशार माणसांसारखाच संशयी. साठीच्या पुढचा एक तरी माणूस मदतीशिवाय पान उभं करू दे, म्हणाला, मग पुढे चालवू.

तिला असे तिघे मिळाले. दोघांनी दुसऱ्याच आठवड्यात काढता पाय घेतला. उरले तिचे बाबा, रत्नाकरराव. घरच्या माणसाची चाचणी घेऊ नये, हा या कामातला पहिला धडा, कारण घरचा माणूस खोटं कौतुक करतो. पण बाबा उगाच कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. दहावीचे तिचे एक्क्याण्णव टक्के पाहून त्यांनी उरलेल्या नवांची चौकशी केली होती.

चाचणीपुरतं ते साधन सगळ्यांनाच खुलं होतं. हेब्बाळ भागातून वीसेक पानं आली होती, चांगली नेटकी. कॉलेजची पोरं असणार, असं अपूर्व म्हणाला आणि तिलाही ते पटलं.

"माउस नवा दिसतोय," ती म्हणाली.

"जुन्याचं बटण गेलं. झिजलं असेल."

"आठवड्यातून एकदा वापरून?"

"हल्लीच्या वस्तू," असं म्हणत रत्नाकरराव कॉफी ओतायला उठले.

ती त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात छत्तीस वर्षं ज्यांची रेघ केसभर हलली नाही, त्यांना एक फोटो चौकटीत बसवता येईना. वय कुणाला चुकलंय, अशी ती स्वतःची समजूत घालायची. तरी वाईट वाटायचंच. आई गेल्यापासून ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मारतहळ्ळीहून इथे हेब्बाळला दोन-दोन महिने फिरकत नसे. चाचणीमुळे तरी येणं झालं, आणि कळलं काय, तर बाबा थकले.

"बाबा, ते बंद झालं," कप हातात घेत ती म्हणाली.

"काय?"

"माझं साधन. शुक्रवारी ठरलं. आज बारा वाजता सगळं उतरवणार आहेत. ज्यांची पानं असतील तीही जातील."

रत्नाकररावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा झाले होते.

"माझ्यामुळे?"

"तुमची काय चूक? मी दिसलं ते लिहिलं. अकरा आठवडे शिकवूनही जमत नसेल, तर साधनच अवघड."

त्यांनी कप खाली ठेवला. मग खुर्ची पुढे ओढली. फोटो उचलला आणि एका झटक्यात चौकटीत ठेवला. कड कडेला लागली होती. खाली नाव टाकलं, पत्ता टाकला, पान उभं राहिलं. मिनिटही लागलं नसेल.

शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा आठवडे शिकवलेलं वर आलं होतं, तेही दोन दिवस उशिराने.

"आज जमलं, बाबा."

"जमलं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "आता सांग ना त्यांना."

"आता काय उपयोग? सह्या झाल्या."

"मी येऊन करून दाखवतो. उद्याच येतो."

"राहू दे, बाबा."

त्यांनी माउस बाजूला सारला आणि त्याची वायर नीट गुंडाळून ठेवली. "म्हणजे पुढच्या रविवारी..."

"पुढच्या रविवारी जरा कामं आहेत. बघते."

जेवणं झाली. एरवी ते तिला बस स्टॉपपर्यंत सोडायला यायचे आणि खालच्या दुकानांपुढून तिला घाईघाईने पुढे न्यायचे. आज खुर्चीतून उठले नाहीत. गुडघा दुखतोय, म्हणाले.

फुलांच्या दुकानापाशी महानंदाने तिला हाक मारली. साठी उलटलेली ही बेळगावकडची बाई दर रविवारी ती येताना तिच्या हातात गजरा ठेवायची आणि पैशाचं नाव काढू द्यायची नाही.

"अक्का, तुमच्या अण्णांस्नी स्वल्प सांगा की. दुकानाचं पान उघडंना झालंय. बारापासनं."

"कसलं पान?"

महानंदाने फोन पुढे केला. पडद्यावर कोरी राखाडी चौकट होती आणि तिच्याखाली शलाकाच्या साधनाचं नाव.

"हे कुणी करून दिलं?"

"अण्णांनीच की. माझं, इस्त्रीवाल्याचं, ह्या सगळ्या ओळीचं. आता फोटो मीच बदलते, त्यांनीच शिकवलंय."

शलाकाने फोन दोन्ही हातांत धरला. "मला कधी बोलले नाहीत."

महानंदाने नजर खाली घातली आणि बोटाला दोरा गुंडाळत राहिली.

"आम्हालाबी बजावलं होतं, बोलू नका म्हणून. म्हणाले, पोरगी शिकवायला येते. मी शिकलो हे तिला कळलं, की यायची बंद होईल."