खिळ्यांची वाटणी

"अक्षरं मी घेणार," दादा म्हणाला.

"मग काने-मात्रा माझ्या!" धाकटा उसळला.

बाबांचा तेरावा झाला आणि त्यांनी पुस्तकं छापण्यासाठी ओतून घेतलेले अक्षरांचे शिशाचे खिळे माझ्या भावांनी छापखान्यातच दोन वेगळ्या पोत्यांत भरले.

"अरे, अशाने दोघांनाही एक ओळ जुळवता येणार नाही," मी म्हटलं.

"तू मध्ये पडू नकोस," दोघेही माझ्यावर खेकसले. तेवढंच काय ते त्यांचं एकमत.

कुणीच नमलं नाही. छापखाना बंद पडला. शेवटी दोघांनी भंगारवाला बोलावला, तोही नेमका एकच. त्याने दोन्ही पोती एकाच ताडपत्रीवर ओतली. बाबांची अक्षरं पुन्हा आपापल्या काना-मात्रांत मिसळली.

"ए, वेगवेगळं वजन कर!" दोघे एका आवाजात ओरडले.