तिसरा टायर

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात पिकअपमागे ओढत नेलेल्या घर-ट्रेलरचा तिसरा टायर फुटला, तसा रॉयस पिकअपमधून उतरून बायकोवर, व्हर्नावर खेकसला, "तुझी भांडीकुंडी उठलीत टायरांच्या जिवावर! जा, जॅक काढ."

भांडीकुंडी? निघतानाच त्याने 'वजन नको' म्हणत व्हर्नाच्या आईचा बिडाचा तवासुद्धा घरी ठेवायला लावला होता. सोबत होती ती एक कॉफीची किटली. तिने ट्रेलरच्या पोटातला कप्पा उघडला. जॅक दगडांखाली गाडला गेला होता. मुक्कामागणिक रॉयसने हौसेने वेचलेले, कप्पाभर दगड! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ट्रेलरपासून पिकअप सोडवली आणि स्टिअरिंगवर बसली.

"अगं, हे काय करतेयस?"

 

"वजन कमी," ती म्हणाली, आणि किटली घेऊन एकटीच निघून गेली.