मातीचं विरजण

सुविधाने आणखी एक रोप उपटलं आणि मुळांवरची माती बोटांनी झाडली. मूळ साफ होतं. पांढरं, गुळगुळीत, शिवणाच्या दोऱ्यासारखं. एकही गाठ नाही. अळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या, मुळावर मोहरीएवढ्या गाठी धराव्या लागतात, त्यांतले जंतू हवेतलं खत ओढून झाडाला देतात, एवढं ती शेतकी शिक्षणात शिकली होती. तिच्या वाट्याच्या सगळ्या ओळी पिवळ्या पडल्या होत्या.

दगडांच्या रेघेपलीकडच्या ओळी हिरव्यागार होत्या. त्या सासऱ्यांच्या, कृष्णनाथांच्या. भरडावर, उतारावरच्या मुरमाड जमिनीत, नवा तुकडा फोडला की जुन्या शेतातली चार पाट्या माती आणून पसरायची, ही त्यांच्या घरची रीत. कृष्णनाथांनी ती आपल्या अर्ध्यात पसरली होती. सुविधाने नको म्हटलं होतं. तिच्याकडे शेतकी खात्याची पुडी होती. कोळशासारखी काळी भुकटी, गुळाच्या पाण्यातून बियांना चोळायची.

"आमचां वेगळां राज्य झालां म्हणान सरकार आता जंतूय वाटूक लागलां," असं म्हणून कृष्णनाथ तेव्हा पोट धरून हसले होते. पण पैजेला तयार झाले होते. सुनेच्या ओळी सरस निघाल्या तर तिने म्हापशाच्या शेतकी कचेरीत नोकरीला लागावं. नाही निघाल्या तर घर आहे, गोठा आहे, विषय पुन्हा काढायचा नाही. तिचा नवरा गौरेश मुरगावला बार्जवर कामाला. शनिवारी यायचा आणि बाबा सांगतील ते, एवढंच म्हणायचा.

सुमंगला, तिची सासू, पेजेचं तांब्याचं भांडं डोक्यावर घेऊन आली. सुनेच्या हातातली रोपं पाहून तिने भांडं बांधावर टेकवलं आणि शेजारी उकिडवी बसली. या घरात सुविधाच्या बाजूने बोलणारी ती एकटी. सुनेच्या म्हापशाच्या बसभाड्यासाठी तिने नवऱ्याला न सांगता दोन कोंबडेही विकले होते.

"असां कसां झालां गो?" ती म्हणाली. "मी तर पुडी जिवापाड जपलंय. तू डिचोलीक भयणीच्या लग्नाक गेलंस, तेव्हापासून पेरणीपर्यंत चुलीवरच्या फळयेर ठेवलेली. रोज हात लावन बघी होतंय, ऊब आसा काय नाय ती."

सुविधाच्या हातातून रोपं खाली पडली.

जाताना पुडी सासूच्या ओंजळीत देत तीच म्हणाली होती, आई, हे जिवंत आहे, जपा. मातीचं विरजण समजा. पुढे आणखी एक वाक्य बोलायचं होतं, थंड जागी ठेवा, उष्णतेने यातले जंतू मरतात म्हणून. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला होता. आणि मार्गशीर्षातल्या थंडीत विरजण कुठे ठेवतात, हे सुमंगलेला कुणी शिकवायची गरज नव्हती. पेरणीच्या दिवशी पुडी हातात घेताना कोमट लागली होती. सासूच्या हाताचीच ऊब असेल, असं सुविधाला वाटलं होतं.

कृष्णनाथ कोयता कमरेला अडकवून खालून चढून आले. त्यांनी दोन्ही बाजू निरखल्या. सुविधाने त्यांच्या ओळीतलं एक रोप उपटून मुळावरच्या गाठी दाखवायचा प्रयत्न केला, तर त्यांनी हात उडवला.

"मुळां कोण बघता? आम्ही शेंगो खातो."

मग ते सुनेकडे वळले. हट्टी होते, पण खोटे नव्हते. सुनेचा उतरलेला चेहरा त्यांनाही बघवला नसावा.

"सरळ सांग," ते म्हणाले. "पुडयेतच दोष, की कोणाच्या हातून काय चूक झाली? चूक झाली आसात तर दुसरी पुडी हाड आणि परत पेर. पाडव्यापर्यंत तुझी ती कचेरीतली जागा रिकामी आसा मां? मी आडवो येवचंय नाय."

सुविधाने सासूकडे पाहिलं. सुमंगला पेज ओतत होती. फार वर्षांपूर्वी एका पावसात तिच्या हातून खुराड्याचं दार उघडं राहिलं होतं आणि कोल्ह्याने कोंबड्या नेल्या होत्या. ती गोष्ट अजून या घरात प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळायची. पाहुणे हसायचे, सुमंगलाही हसायची, आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही.

सुविधाने पदराने हाताची माती पुसली.

"पुडीच खराब होती, बाबा," ती म्हणाली.

"बघ, सांगलेलंय मी." कृष्णनाथांचा आवाज एकदम मोकळा झाला. ही रोपं उपटून गुरांना घाल, आणि उद्यापासून गोठ्याकडे तू बघ, असं सांगून ते आपल्या ओळींत शिरले. पानं उलटीपालटी करून बघताना ते शीळ घालत होते.

सुविधा खाली बसली आणि एकेक रोप उपटू लागली. मुळं सहज सुटून येत होती. सुमंगलेने पेजेचा वाडगा तिच्यापुढे सरकवला, नवरा लांब गेल्याची खात्री करून घेतली आणि तिच्या कानाशी वाकली.

"रडा नको गो. फुडल्या वर्सा परत हाड पुडी. मी रातभर निखारो विझूक दिवचंय नाय."