वाजिदचा खांदा

गोकुळनं मानेवर नुसता हात टाकला आणि रविराज पाठीवर आडवा झाला. त्याला कुणी पाडलं नव्हतं; तो पडला होता.

"आरं, लढ की!" वस्ताद मोहनराव ओरडले. नव्वद किलोचा गडी, पण आज तिसऱ्यांदा तो असा पाठ लावून मोकळा झाला होता.

तालमीच्या पायरीवर बसून वाजिद हे बघत होता. उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात. चाळीस दिवसांपूर्वी ह्याच मातीत रविराजनं त्याला ढाक मारली होती. हात काखेत आवळून कमरेवरून फेकलं होतं. वाजिद खाली आला, तेव्हा खांदा जागेवर नव्हता. बारामतीच्या डॉक्टरांनी तो बसवला आणि बजावलं, चार महिने कुस्ती बंद. दिवसभर वेल्डिंग अन् संध्याकाळी माती, एवढंच वाजिदचं जगणं. त्या दिवसापासून त्याचा जोडीदार रविराज त्याच्या घराकडं फिरकला नव्हता.

वाजिदनं चपला काढल्या आणि तो मातीत उतरला.

"वाजिद, भाईर हो," वस्ताद म्हणाले.

"थांबा वस्ताद. ह्यो माझ्यापायी असा झालाय. मलाच बघू द्या."

त्यानं डाव्या हाताची सणसणीत थोबाडीत दिली. रविराज हलला नाही. दुसरी दिली. ओठ फुटला.

"मार की मला."

"न्हाय मारणार."

"का?"

"तुझं हाड सरकल्याचा आवाज कानातनं जात न्हाय, वाजिद." रविराजची नजर पट्ट्यावर होती. "कुणाचा हात धरला की त्योच आवाज येतो."

"मग बांगड्यांचं दुकान टाक," वाजिद म्हणाला आणि त्यानं कपाळ थेट त्याच्या नाकावर आदळलं.

नाकातून भळकन रक्त आलं. रविराजनं ते हातावर घेऊन बघितलं. मग त्याच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला. पुढच्या क्षणी वाजिद त्याच्या डोक्याच्या वर होता. पट्टा तुटला होता, उजवा हात लोंबत होता. वस्ताद धावले, पण मध्ये पडायची त्यांची हिंमत झाली नाही.

"टाक!" वाजिद वरून ओरडला. "टाक की!"

रविराजचे दंड थरथरत होते. हनुवटीवरून रक्त मातीत ठिबकत होतं. मग त्यानं वाजिदला हळूच, झोपलेलं लेकरू ठेवावं तसं खाली ठेवलं.

आणि तो गोकुळकडं वळला.

गोकुळनं हात वर करायच्या आत रविराजनं त्याचा हात काखेत आवळला. कंबर घातली. गोकुळचे पाय छताकडं गेले आणि तो धाडकन आदळला. पायाखालची जमीन हादरली. गोकुळ तोंड उघडं टाकून पडला होता, पण श्वास आत जात नव्हता. एकानं छाती चोळली. तेव्हा कुठं तो खोकला, मातीवर थुंकला आणि हसला.

"ह्याला म्हंत्यात कुस्ती!"

"शाब्बास रं पठ्ठ्या!" वस्तादांनी मांडी थोपटली. पोरं ओरडू लागली. रविराजनं मनगटानं नाक पुसलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा त्याचे डोळे जिवंत दिसत होते. तो वाजिदला शोधू लागला.

"बघितलंस न्हवं? आता लवकर बरा हो गड्या. मग आपली दोघांची."

वाजिदला 'व्हय' म्हणायचं होतं.

तो मातीच्या बाहेर उभा होता. डाव्या हातानं उजवा खांदा गच्च धरलेला. गोकुळ आदळला तेव्हा आपण मागं सरकत बाहेर कधी आलो, हे त्याला कळलंच नव्हतं.